धाकूमेस्त्रींचा पेला

धाकूमेस्त्रींची आणि माझी पहिली भेट आमच्या दिवेआगरच्या वाडीत, विहिरीवर झाली. रहाटाचे चाक मोडले होते आणि सुपारीला पाणी मिळत नव्हते. मेस्त्री तेव्हा भरडखोलला होड्या बांधीत. निरोप गेल्यावर ते दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून आले. मी अलिबागच्या हायस्कुलात मराठी शिकवीत असे आणि सुटीला घरी आलो होतो. "काय रे धाकू, किती दिवस लागतील?" असे मी विचारले. ते माझ्याहून दहा वर्षांनी वडील आहेत. तरी त्या काळी मी त्यांना एकेरीच हाक मारीत असे, आणि त्यात काही चुकते असे मला वाटत नसे. "तीन दिवस, मास्तर," असे सांगून ते विहिरीत उतरले.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरव समितीने या ग्रंथातला पहिला लेख माझ्याकडे दिला, त्याचे कारण सरळ आहे. कंपवात किंवा अर्धांगवायू झालेल्या माणसांना धोक्याशिवाय जेवता यावे म्हणून मेस्त्रींनी जी भांडी केली, त्यांतली पहिली माझ्या वडिलांसाठी होती, आणि त्या भांड्यांविषयी पहिला लेख मी एका मासिकात लिहिला. त्या लेखामुळे मेस्त्रींचे नाव मुंबईपर्यंत गेले, असे समितीचे म्हणणे आहे. ते खरे असेल. पण त्या लेखात मी एक खोटे वाक्य लिहिले होते आणि ते अजून कोणी खोडलेले नाही. या ग्रंथातही ते तसेच राहिले, तर मेस्त्रींनी काय केले हे वाचकांना अर्धेच कळेल. म्हणून मी काय केले तेही सांगणे भाग आहे.

माझ्या वडिलांना घरात आणि गावात सगळे अण्णा म्हणत. गावच्या कोणत्याही पंगतीत तूप वाढण्याचे काम त्यांच्याकडे असे. पन्नास पाने असली तर पन्नास धारा, प्रत्येक भाताच्या मधोमध, बाहेर थेंब नाही. साठीनंतर त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला, मग डाव्या. वैद्यांनी कंपवात सांगितला, काढे दिले. कंप वाढत गेला. घास तोंडाशी येईपर्यंत निम्मा सांडे आणि आमटीचे शिंतोडे शेजारच्या पानावर जात. अण्णा म्हणत, "आता माझा हात न सांगता सगळ्यांना वाढतो." शेजारचे लोक हसत, आणि हसता हसता आपले पान थोडे पलीकडे ओढीत. मी ते ओढणे पाहत असे. एका सुटीत मी पत्नीला सांगितले की अण्णांचे पान यापुढे मागच्या पडवीत मांडावे, तिथे त्यांना मोकळे बसता येईल. कारण म्हणून मी त्यांची सोय सांगितली. सोय माझी होती.

रहाटाचे काम चालू होते त्या तीन दिवसांत मेस्त्री दुपारी आपली भाकरी घेऊन मागच्या अंगणात, फणसाखाली बसत. समोर पडवीत अण्णा जेवत. मेस्त्रींचे खाणे लवकर आटपे, पण ते उठत नसत. तिसऱ्या दिवशी मला त्याचा राग आला. आजारी माणसाच्या जेवणाकडे टक लावून काय बघायचे, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले की हात कुठे जास्त हलतो ते बघत होतो. पानाजवळ कमी हलतो, वाटेत जास्त हलतो, आणि कोपर कशाला टेकले तर बराच थांबतो. मी इतकी वर्षे तो हात पाहत होतो. मला एवढेही दिसले नव्हते.

मग ते पायरीशी गेले आणि अण्णांशीच बोलले.

"अण्णा, होडी डोलते म्हनून तिचं डोलनं कुनी बंद करत न्हाय. खाली वजन टाकतात."

"म्हणजे माझ्याखाली दगड घालणार काय?"

"तुमच्या न्हाय. ताटाच्या."

पंधरा दिवसांनी ते तीन वस्तू घेऊन आले. पहिली, फणसाच्या लाकडाचे जड कडे. त्यात आमचे नेहमीचे पितळी ताट घट्ट बसे. कड्याच्या पोटात जाळ्याला लावतात ते शिसे घालून वरून लाकूड ठोकून बंद केले होते, त्यामुळे हाताचा धक्का लागला तरी ताट जागचे हलत नसे. एका बाजूची कड उंच होती; तिच्याशी भात लोटला की घास आपोआप बोटांत येई. दुसरी वस्तू म्हणजे कोपर टेकायचा ठोकळा. तो अण्णांच्या कोपराच्या मापाने खोलगट कोरला होता. ते माप मेस्त्रींनी लांबूनच, नजरेने घेतले होते.

तिसरी वस्तू पेला. त्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आमच्या घरात भांड्याला ओठ लावून पाणी पिण्याची पद्धत नव्हती. मान मागे टाकायची आणि पाणी वरून तोंडात सोडायचे. ओठ लागले की भांडे उष्टे. अण्णांच्या हातात भांडे राहत नसे, म्हणून ते मान वर करीत आणि पत्नी किंवा मी पाणी ओतीत असू. त्यांना रोज ठसका लागे. म्हातारपणी लागायचाच, असे आम्ही धरून चाललो होतो. मेस्त्रींनी तेही तीन दिवस पाहिले होते.

"वरनं वतू नका, मास्तर," ते मला म्हणाले. "मान मागं गेली की पानी वाट चुकतं. हनवटी खाली पायजे. माझी आय चार वर्सं लकव्यानं पडून व्हती. आमी असंच पाजायचो. पान्यानंच गेली ती."

पेला त्यांनी मोठ्या नारळाच्या करवंटीचा केला होता. आतबाहेर घासून काचेसारखा गुळगुळीत, बुडाला लाकडी बैठक, दोन्ही हातांनी धरायला दोन कान. नाकाच्या बाजूची कड खाली कापलेली होती. पेला कलता केला तरी ती नाकाला अडत नसे, आणि शेवटचा घोट घेतानाही मान वर करावी लागत नसे. आमच्याकडे आणण्याआधी मेस्त्री आठ दिवस आपल्या दोन्ही मनगटांना शिसे बांधून त्याच ताटात जेवले आणि तसल्याच पेल्याने पाणी प्याले, हे मला फार पुढे कळले.

अण्णांनी पेला फिरवून पाहिला. "शेवटी हाती करवंटी आलीच म्हणायची," असे म्हणून ते मोठ्याने हसले. मग हनुवटी खाली ठेवून पाणी प्याले. सगळे प्याले. ठसका लागला नाही. पत्नीने डोळ्यांना पदर लावला. मला मात्र पेला दिसला नाही, करवंटी दिसली. भिकाऱ्याच्या हातात असते ती. माझा बाप माझ्या घरात करवंटीला ओठ लावून पाणी पितो, हे उद्या कोणी पाहिले तर काय म्हणेल, एवढेच माझ्या मनात आले. मेस्त्री समोर उभे होते. मी त्यांना "बरा आहे" म्हणालो.

तीन महिन्यांनी माझ्या मुलाची मुंज ठरली. अण्णांनी त्या तीन महिन्यांत पडवीत बसून सराव केला होता. आदल्या दिवशी ते पत्नीला म्हणाले, "सूनबाई, आता शिंतोडे उडत नाहीत. मी उद्या पंगतीत बसेन." त्यांनी मागितलेले एवढेच होते. दोन वर्षांत ते कोणाच्या शेजारी बसून जेवले नव्हते.

पुण्याहून पत्नीचे बंधू येणार होते. ते वकील, आणि सोवळ्याओवळ्याचे फार कडक. त्याच वर्षी अलिबागला मी जातिभेदाविरुद्ध व्याख्यान दिले होते आणि ते लोकांना आवडले होते. तरी मुंजीच्या दिवशी सकाळी मी तो पेला उचलला आणि माळ्यावर काथ्याच्या पाटीत घालून ठेवला. ताटाचे कडे केळीच्या पानाखाली झाकता येत होते. ठोकळा अण्णांच्या सोवळ्याच्या रेशमी मुकट्याआड लपत होता. पेला लपवता येण्यासारखा नव्हता. अण्णांनी विचारले तेव्हा, गर्दीत कुठे गेला कळत नाही, असे मी सांगितले.

पंगत बसली. अण्णा वडीलधाऱ्यांच्या ओळीत पहिले होते. वरणभात त्यांनी नीट खाल्ला. बाहेर शीत पडले नाही. वकील म्हणाले, "अण्णा, हात चांगला स्थिर झालाय की." अण्णांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला आहे. तसा तो मी नंतर कधी पाहिला नाही.

मग त्यांना पाणी हवे झाले. मी चांदीचे फुलपात्र भरून त्यांच्यापुढे वाकलो. अण्णांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि मान वर केली. मी ओतले.

तोंडात भात होता. ठसका लागला असता तर आवाज झाला असता. आवाज झाला नाही. त्यांचे ओठ काळे पडले आणि दोन्ही हात पानावर आपटू लागले. मी हातात फुलपात्र घेऊन उभा राहिलो. काय करायचे ते मला माहीत नव्हते.

मांडव मेस्त्रींनीच घातला होता. त्यांचे जेवण शेवटी, बाहेर अंगणात व्हायचे होते. तोवर ते मांडवाची एक दोरी ताणून बांधीत होते. ते पायरी चढून सरळ आत आले, पंगतीतून आडवे आले. त्यांनी अण्णांना मागून धरले, पुढे वाकवले आणि पाठीवर खांद्यांच्या मध्ये तळहाताने रपाटे मारले. तीनचार रपाट्यांत भात बाहेर पडला. अण्णांनी श्वास ओढला. तो आवाज सगळ्या घराने ऐकला.

पंगतीच्या टोकाकडून कोणी तरी म्हणाले, "शिवला."

वकिलांनी पानावरचा हात उचलून धरला होता. सगळे माझ्याकडे पाहत होते. अण्णा अजून मेस्त्रींच्या हातावर टेकून धापा टाकीत होते. मी म्हणालो, "धाकू, तू आधी बाहेर हो."

त्यांनी अण्णांना हळूच भिंतीशी टेकवले, हनुवटी खाली केली आणि ते बाहेर गेले.

मग आम्ही अण्णांना विहिरीवर नेऊन पुन्हा आंघोळ घातली, दुसरा मुकटा नेसवला आणि पंगत पुढे चालू केली. मोडलेली पंगत मी सावरली म्हणून वकिलांनी मला शाबासकी दिली. दुसऱ्या दिवसापासून अण्णांना ताप भरला. छातीत कफ झाला. सोळा दिवस ते मरणाच्या दारात होते. त्यातून ते वाचले. पण पंगतीत बसण्याचे नाव त्यांनी पुन्हा घेतले नाही.

मेस्त्री चौथ्या दिवशी मांडव उतरवायला आले. मांडवाचे बांबू त्यांनी माळ्यावर रचले, हातपाय धुतले आणि अण्णा कसे आहेत ते विचारले. मी त्यांची क्षमा मागायला हवी होती. मी म्हणालो, गर्दीत पेला हरवला, म्हणून हे सगळे झाले. ते "व्हय का?" म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी दुसरा पेला आणून दिला.

अण्णा पुढे तीन वर्षे जगले. मी अलिबागला असे. पत्नी मुलांना घेऊन अण्णांजवळ राहिली आणि तिच्या पत्रांतून मला घरचे कळे. मेस्त्री गावात कामाला आले की दुपारी पडवीच्या पायरीवर येऊन बसत. अण्णांचे जेवण होईपर्यंत उठत नसत. दोघे होड्यांविषयी, सुपारीच्या रोगाविषयी, गावातल्या भांडणांविषयी बोलत. घास तोंडात असताना अण्णा बोलू लागले की मेस्त्री बोट वर करीत, आणि घास उतरेपर्यंत अण्णा थांबत. माझ्या बापाला मी एकटे बसवले होते. त्यांच्याशेजारी बसायचे काम या परक्या माणसाने केले. अण्णा शेवटी गेले ते झोपेत. ठसक्याने गेले नाहीत.

त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धानंतर मी तो मासिकातला लेख लिहिला. मेस्त्रींच्या तिन्ही वस्तूंची आकृत्यांसह माहिती दिली. मुंजीचा प्रसंगही लिहिला, आणि त्यात हे वाक्य घातले: 'दुर्दैवाने त्या दिवशी गर्दीत पेला हरवला होता.' मेस्त्रींना बाहेर घालवल्याचा उल्लेख केला नाही. लेख गाजला. पितृभक्त मुलगा म्हणून मला पत्रे आली. ती मी काही वर्षे जपून ठेवली होती, हेही सांगून टाकतो.

लेख वाचून अलिबागचे एक डॉक्टर मेस्त्रींना भेटले आणि आपले रोगी त्यांच्याकडे पाठवू लागले. होड्यांचे काम मागे पडले. पण मेस्त्रींनी आपली रीत सोडली नाही. रोग्याचे जेवण दोनतीन दिवस पाहिल्याशिवाय ते लाकडाला हात लावीत नाहीत. त्यासाठी लांबलांब जाऊन लोकांच्या ओट्यावर, होडीत, जिथे रोगी जेवत असेल तिथे बसून राहतात. मुंबईच्या एका गृहस्थांनी पत्राने मापे पाठवून वस्तू मागवल्या, तेव्हा मेस्त्रींनी मला उत्तर लिहायला सांगितले की मापे मिळाली, आता माणूस जेवताना बघायचा आहे. मग रेवसहून लाँचने ते स्वतः गेले.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून एकदा मी त्यांच्याबरोबर मुरुडच्या कोळीवाड्यात गेलो. तिथल्या एका तांडेलाचे, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याचे, उजवे अंग गेले होते आणि घास घशाखाली नीट उतरत नव्हता. बायको त्याला भरवी. तिला बाजार गाठायचा असे, म्हणून मोठमोठे घास घाईने देई. मेस्त्रींनी तिला उपदेश केला नाही. तिसऱ्या दिवशी अगदी लहान, उथळ, जाड दांड्याचा एक चमचा करून आणला.

"एवढ्याशा चमच्यानं मी काय चिमनीला भरवते का?" ती म्हणाली.

"चिमनीला कधी ठसका लागलेला बघितलास?"

तांडेलाचे अर्धे तोंड हसले. बाई मेस्त्रींना शिव्या देत, माझा बाजार बुडवायला आलास म्हणत, त्याच चमच्याने भरवू लागली. लहान चमच्याने तिचा हात आपोआप सावकाश झाला. डॉक्टर सहा महिने तिला सांगून थकले होते.

परतताना बंदरावर होडीची वाट पाहत आम्ही बसलो होतो. मी पेल्याची गोष्ट काढली आणि तो हरवला नव्हता, एवढे कसेबसे बोललो. मेस्त्री म्हणाले की मांडवाचे बांबू ठेवताना त्यांना तो माळ्यावर दिसला होता. मग त्याच वेळी काढून का दिला नाहीत, असे मी विचारले.

"काढून दिला असता तर मला कळलंय, हे तुमाला कळलं असतं," ते म्हणाले. "दुसरा करायला दोन दिवस तर लागतात."

त्यांच्या चांगुलपणाचे पुष्कळ प्रसंग या ग्रंथात येतील. मला माहीत असलेला सर्वांत मोठा हा आहे.

हा लेख छापण्याआधी मी भरडखोलला जाऊन त्यांना वाचून दाखवला. वाचताना दोनदा थांबलो. ते एका ठोकळ्याला रंधा मारीत होते. त्यांचा हात थांबला नाही. वाचून झाल्यावर मी विचारले, हे छापावे की नाही? त्यांनी हरकत घेतली असती तर मी सुटलो असतो, आणि ती घ्यावी असे मला मनातून वाटत होते.

"छापा," ते म्हणाले. "घराघरात ही भांडी फडताळात जातात, मास्तर. पावना आला की आत. लाजेनं कुनी मरत न्हाय. ठसक्यानं मरतात."

मग रंधा बाजूला ठेवून ते म्हणाले की लेखात एक चूक आहे. पेला एकदाच लपवला असे मी लिहिले आहे, ते बरोबर नाही. मी त्यांना म्हणालो की त्या दिवसाखेरीज मी त्याला हात लावलेला नाही.

"तुमी न्हाय. अण्णा. तुमी सुटीला यायचात ना, तुमची गाडी वाडीच्या तोंडाला दिसली की आदी पेला उचलायचे आनि फडताळात ठेवायचे. तुमी समुद्रावर गेलात की बाहेर काढायचे. मी म्हनलं, अण्णा, असं नका करू, धोका हाय. तर म्हनले, चार दिवस पानी कमी पिईन. त्याला बघवत न्हाय."

हे मला ठाऊक नव्हते. ती तीन वर्षे मी सुटीत घरी आलो की अण्णांना तहान कमी असे, ठसकाही क्वचित लागे, आणि त्यांची प्रकृती सुधारली म्हणून मी समाधानाने परत जात असे. मेस्त्रींच्या सांगण्यावरून ही दुरुस्ती लेखात केली आहे.

धाकूमेस्त्रींना अजून पुष्कळ वर्षे मिळावीत. त्यांची भूक शाबूत राहावी, हात चालते राहावेत, आणि म्हातारपणी त्यांना काहीही लागले तरी ते उघड्यावर, सर्वांसमक्ष, घरातल्या माणसांच्या शेजारी बसून वापरता यावे.